शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनासाठी ऑइल कसं निवडायचं

शिडाच्या बोटीतलं इंजिन फार कमी चालतं. बंदराबाहेर पडताना वीस मिनिटं, नांगर टाकताना दहा मिनिटं, मध्येच बॅटरी चार्ज करायला तासभर, तेही जवळजवळ लोड नसताना. वर्षाकाठी शंभर तास भरले तरी पुष्कळ. उरलेला काळ ते दमट, खाऱ्या हवेत थंड पडून असतं. म्हणून या इंजिनातलं ऑइल चालून झिजण्याआधी पडूनच खराब होतं. ट्रकवाल्याला एका भरणीत जास्तीत जास्त किलोमीटर काढायचे असतात. बोटवाल्याला हवं असतं ते आम्ल आणि गंज आवरणारं ऑइल, आणि तेही वेळेवर काढून टाकताना हात आखडणार नाही इतपत किमतीचं.

घाईत असाल तर एवढंच: मॅन्युअलमध्ये वेगळं काही सांगितलेलं नसेल तर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या सीआय-४ किंवा सीके-४ प्रतीचं, १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, साधं मिनरल (खनिज तेलापासूनचं, सिंथेटिक नव्हे) हेवी ड्यूटी डिझेल ऑइल घ्या आणि तास कितीही कमी भरले तरी वर्षातून एकदा बदला. बहुतेक बोटींना एवढं पुरतं. खाली जे आहे ते 'वेगळं काही' कधी असतं आणि का असतं याबद्दल.

डब्यावरची अक्षरं

एपीआयच्या वर्गवारीत 'एस'ने सुरू होणारी प्रत पेट्रोल इंजिनासाठी आणि 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. एका डब्यावर दोन्ही असतात तेव्हा आधी कोणती छापली आहे ते पाहा. 'सीआय-४/एसएल' लिहिलेलं ऑइल मुळात डिझेलसाठी बनवलेलं असतं आणि पेट्रोललाही चालतं. 'एसएन/सीएफ' लिहिलेलं असेल तर ते पेट्रोलचं ऑइल आहे, डिझेलचा शिक्का सोबत आलाय. काजळी धरून ठेवण्याची आणि आम्ल मारण्याची ताकद पहिल्यात जास्त असते. बोटीसाठी पहिलंच घ्या.

गोंधळ होतो तो जुन्या इंजिनांच्या मॅन्युअलमुळे. त्यात सीसी किंवा सीडी प्रत लिहिलेली असते आणि दुकानात त्या नावाचं काही मिळत नाही. या प्रती केव्हाच मोडीत निघाल्या. नंतर १९९४ मध्ये सीएफ, १९९८ मध्ये सीएच-४, २००२ मध्ये सीआय-४, २००६ मध्ये सीजे-४ आणि २०१६ च्या अखेरीस सीके-४ आली. सीएच-४ पासून पुढची प्रत आधीच्या प्रतीच्या जागी चालते, म्हणून सीडी मागणाऱ्या इंजिनात सीएच-४ किंवा सीआय-४ बिनधास्त घालता येतं. एकच काळजी घ्या. वर्षानुवर्षं जुन्या, कमी डिटर्जंटच्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात आतमध्ये गाळ बसलेला असतो. नवं ऑइल तो सोडवतं आणि तो थेट फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. अशा वेळी पहिली भरणी २५-३० तासांतच फिल्टरसकट बदलावी, पुढची नेहमीच्या मुदतीने.

सीके-४ च्याच जोडीला आलेली एफए-४ ही प्रत मात्र या साखळीत बसत नाही. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं, इंधन वाचवण्यासाठी नव्या ट्रक इंजिनांना दिलेलं ऑइल आहे. बोटीच्या इंजिनात ते घालू नये.

इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची मानकंही असतात, उदाहरणार्थ व्होल्व्हो पेंटाचं व्हीडीएस-३ किंवा व्हीडीएस-४. मॅन्युअलमध्ये तसं मानक असेल तर डब्याच्या मागच्या बाजूला ते नाव शोधा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापलेल्या 'अल्ट्रा', 'सुपर', 'मरीन' वगैरे शब्दांना काही अर्थ नसतो.

आम्लाशी झुंजणारा आकडा: टीबीएन

हा आकडा डब्यावर सहसा नसतो. उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात तो मिळतो आणि बोटीच्या इंजिनासाठी तो पाहण्यासारखा आहे. डिझेलमधलं गंधक जळून सल्फरचे ऑक्साइड तयार होतात. इंजिन थंड असेल तर ज्वलनातून निघालेली वाफ सिलिंडरच्या भिंतीवर आणि क्रँककेसमध्ये (खालच्या, क्रँक फिरते त्या पोकळीत) पाणी होऊन बसते. दोन्ही एकत्र आले की गंधकाम्ल. पूर्ण तापलेल्या इंजिनात ही वाफ ब्रीदरवाटे, म्हणजे क्रँककेसमधली हवा सोडणाऱ्या नळीवाटे, निघून जाते. वीस मिनिटं चालून बंद होणाऱ्या इंजिनात ती आतच राहते आणि पुढचे दोन आठवडे बेअरिंगांवर, कॅमवर काम करत बसते.

ऑइलमध्ये या आम्लाला मारण्यासाठी अल्कली घातलेली असते. तिचं माप म्हणजे टीबीएन, एका ग्रॅम ऑइलमागे मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड इतकं. पेट्रोल गाड्यांच्या ऑइलचं टीबीएन साधारण ७-८ असतं, सीजे-४ आणि सीके-४ चं बहुधा ८ ते १०, सीआय-४ चं १० ते १२. वापरताना हा आकडा घसरत जातो. तो नव्याच्या निम्म्यावर आला की ऑइल संपलं असं समजावं.

मग सीआय-४ की सीके-४? सीजे-४ पासून ऑइलमधल्या राखेवर एक टक्क्याची मर्यादा आली, कारण जास्त राख एक्झॉस्टमधल्या डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरला बुजवते. राख कमी करायची म्हणजे अल्कलीही कमी करावी लागते. शिडाच्या बोटीच्या इंजिनाला सहसा असा फिल्टर नसतो, तेव्हा कमी राखेचा फायदाही नाही. डिझेल कमी गंधकाचं, म्हणजे १० ते १५ पीपीएमचं (दहा लाख भागांत इतके भाग गंधक) मिळत असेल तर दोन्ही प्रती सारख्याच चालतात आणि सीके-४ उष्णतेत थोडं अधिक टिकतं. लांबच्या सफरीत मिळेल त्या बंदरात डिझेल भरायचं असेल आणि गंधक ५०० पीपीएम किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता असेल, तर सीआय-४ घ्या, टीबीएन दहाच्या वर बघून घ्या आणि बदलण्याची मुदत निम्मी करा.

यावरून कुणाला वाटेल की जहाजांसाठीचं ३० किंवा ४० टीबीएनचं ऑइल आणखी चांगलं. तसं नाही. ते जड, गंधकयुक्त इंधनासाठी असतं. कमी गंधकाच्या डिझेलवर ती जादा अल्कली वापरलीच जात नाही आणि पिस्टनच्या माथ्यावर व व्हॉल्व्हवर कडक राखेचा थर बसतो.

घट्ट की पातळ

१५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा इंजिन तापल्यावरचं. १५डब्ल्यूची सुरुवातीची चाचणी उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीचं इंजिन एवढं थंड क्वचितच पडतं, म्हणून १५डब्ल्यू जवळपास सगळीकडे पुरतं. बर्फाळ पाण्यात हिवाळ्यातही बोट चालवणाऱ्यांनी १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० पाहावं.

४० ग्रेड म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५. बेअरिंगसाठी त्याहून महत्त्वाचा आकडा एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर जोराच्या घर्षणात ऑइल किती घट्ट राहतं तो. १५डब्ल्यू-४० ला हा किमान ३.७ असावा लागतो. गाड्यांसाठीच्या कित्येक ५डब्ल्यू-३० ऑइलमध्ये तो ३ च्या आसपासच असतो. डिझेल कारचं महागडं ५डब्ल्यू-३० बोटीत ओतणं हा त्यामुळे दुहेरी तोट्याचा सौदा: थर पातळ आणि टीबीएनही कमी.

जुनी, थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारी इंजिनं हा वेगळा प्रकार आहे. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की क्षार आत थराने जमतात, म्हणून त्यांचा थर्मोस्टॅट ४०-५० अंशांच्या दरम्यान उघडतो. हीट एक्स्चेंजरवाल्या, म्हणजे आत कूलंट फिरणाऱ्या आणि समुद्राच्या पाण्याने फक्त ते कूलंट थंड करणाऱ्या, इंजिनात हेच तापमान ७० ते ८५ असतं. म्हणजे समुद्राच्या पाण्यावरचं इंजिन तासभर चाललं तरी त्याचं ऑइल नीट तापत नाही, ओल उडून जात नाही आणि गाळ लवकर धरतो. या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा एसएई ३० सिंगल ग्रेड (थंडीचा वेगळा आकडा नसलेलं) किंवा १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, ते पाळावं. १५डब्ल्यू-४० चालून जातं. २०डब्ल्यू-५० घातलं तर थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि स्टार्टरवर उगाच ताण येतो.

गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर कमी दिसू लागलं की घट्ट ऑइल घालायचा मोह होतो. गेजचा काटा वर येतोही. पण झिजलेलं बेअरिंग किंवा ढिला पडलेला रिलीफ व्हॉल्व्ह आहे तसाच राहतो. आधी यांत्रिक गेज लावून प्रेशर मोजा, कारण बोटीवर सेन्सर आणि त्याची गंजलेली वायर हेच बहुतेक वेळा दोषी निघतात. शिवाय पातळी वाढली आहे का तेही पाहा. ऑइलमध्ये डिझेल मिसळलं तरी प्रेशर पडतं.

सिंथेटिक घ्यावं का

सिंथेटिक ऑइलचे गुण खरे आहेत. ते उष्णतेत टिकतं, थंडीत लवकर वाहतं, जास्त तास चालतं. पण वर्षाला शंभर तास चालणाऱ्या इंजिनात तासांचा फायदा मिळतच नाही, कारण आम्ल आणि ओल कॅलेंडरप्रमाणे साठत जातात. तेच पैसे वर्षातून दोनदा मिनरल ऑइल बदलण्यावर घातले तर इंजिनाचं जास्त भलं होतं. टर्बो असलेलं इंजिन हा अपवाद. टर्बोच्या बेअरिंगमधलं मिनरल ऑइल इंजिन एकदम बंद केल्यावर करपून बसतं, तिथे सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिक रास्त. तरीही बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं आयडल चालवणं चुकवू नका.

नव्या किंवा पिस्टनला नव्याने रिंगा घातलेल्या इंजिनात सुरुवातीला मिनरलच. रिंगा सिलिंडरवर घासून बसायला थोडं घर्षण लागतं. पहिलं ऑइल ५० तासांना बदलायचं.

बोर ग्लेझिंगचा, म्हणजे सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होण्याचा, दोष बऱ्याचदा सिंथेटिकच्या माथी मारला जातो. खरं कारण लोड नसताना तासन्‌तास चालवणं हे आहे. ज्वलनाचा दाब कमी पडला की रिंगा भिंतीला नीट टेकत नाहीत, ऑइल वर जातं, तिथे अर्धवट जळून काचेसारखा गुळगुळीत थर बनवतं आणि मग इंजिन निळा धूर सोडत ऑइल खाऊ लागतं. कोणतंही ऑइल यावर इलाज नाही. इंजिन तापल्यावर दर वेळी पंधरा-वीस मिनिटं गिअरमध्ये, कमाल आरपीएमच्या ७०-८० टक्क्यांवर चालवा. नांगरावर नुसती बॅटरी चार्ज करत असाल तर एवढं तरी नक्की करा. घर्षण कमी करणारी, प्रेशर वाढवणारी अॅडिटिव्ह बाटलीत भरून मिळतात. चांगल्या ऑइलमध्ये लागेल ते सगळं आधीच मोजून घातलेलं असतं. वरून काही ओतलं तर तो मेळ बिघडतो.

हे डबे परत ठेवा

बोटीच्या सामानाच्या कपाटात 'मरीन' लिहिलेलं जे असतं त्यातलं बरंच डिझेलसाठी नसतं. एफसी-डब्ल्यू शिक्क्याचं ऑइल चार स्ट्रोक पेट्रोल इंजिनांचं, टीसी-डब्ल्यू३ दोन स्ट्रोक आउटबोर्डच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं. २५डब्ल्यू-४० हे सहसा पेट्रोल स्टर्नड्राइव्हसाठी. डब्यावर 'सी'ची प्रत छापलेली नसेल तर बाकी काही वाचत बसू नका.

वेगवेगळ्या कंपन्यांची ऑइलं एकमेकांत मिसळली तर दही होतं हा समज चुकीचा आहे. एपीआय प्रतीची इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतात. समुद्रात पातळी कमी दिसली तर हाताशी असलेलं डिझेल ऑइल घाला. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

किती आणि कसं भरायचं

एका सिलिंडरच्या छोट्या इंजिनात सव्वा लिटरच्या आसपास मावतं, तीन सिलिंडरच्या ३० हॉर्सपॉवरच्या इंजिनात अडीच-तीन लिटर, ५० हॉर्सपॉवरला चार-पाच. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या, पण तेवढं सगळं एकदम ओतू नका. मॅन्युअलमधला आकडा रिकाम्या इंजिनाचा असतो आणि बदलताना थोडं जुनं ऑइल आत राहतंच.

बोटीत संपचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा) ड्रेन प्लग सहसा हाताला येत नाही, म्हणून ऑइल डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढावं लागतं. इंजिन गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटं चालवून तापवा, बंद करून दहा मिनिटं थांबा. मग पंपाची नळी तळाला टेकेपर्यंत घालून थोडी वर घ्या, म्हणजे ती तळाला चिकटून बंद होणार नाही. किती निघालं ते मोजा. तीन लिटरच्या इंजिनातून दीडच निघालं तर नळी तळापर्यंत पोचली नाही.

फिल्टर दर वेळी बदला. आडवा बसवलेला असेल तर त्याच्याभोवती जाड प्लास्टिकची पिशवी धरून सोडवा, नाहीतर आतलं ऑइल बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) जाईल. जुन्या फिल्टरचा रबरी रिंग इंजिनावरच चिकटून राहिला नाही ना, हे हाताचं बोट फिरवून पाहा. एकावर एक दोन रिंग बसले तर इंजिन चालू करताच सगळं ऑइल बाहेर येतं. नव्या रिंगला ऑइल लावून फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे पाऊण वळसा. पाना लावू नका. आट्या जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा फिल्टर बसवू नका. बायपास व्हॉल्व्हचा दाब आणि ऑइल परत वाहू न देणारा आतला व्हॉल्व्ह वेगळा असू शकतो.

मग मॅन्युअलच्या आकड्याच्या ८० टक्के भरा, दोन मिनिटं चालवा, प्रेशरचा दिवा गेला का पाहा, बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि थोडं थोडं करत वरच्या खुणेपर्यंत आणा. इंजिन बोटीत सहसा मागे उतरतं बसवलेलं असतं. डिपस्टिकच्या खुणा किती उतारासाठी आहेत ते मॅन्युअलमध्ये असतं. बोट सरळ, धक्क्याला शांत उभी असतानाच मोजा.

वरच्या खुणेच्या पुढे कधीही नको. क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो, फेस बेअरिंगला वंगण देत नाही, आणि ब्रीदरमधून ऑइल इंजिनाच्या हवेत शिरलं तर इंजिन त्यावरच चालू लागून हाताबाहेर जाऊ शकतं. कमी पातळीचा धोका शिडाच्या बोटीत वेगळा आहे: बोट वाऱ्याने कललेली असताना इंजिन चालवलं की पिकअप (पंपाचं ऑइल ओढणारं तोंड) उघडा पडून पंप हवा ओढतो. बहुतेक छोट्या मरीन इंजिनांना सतत चालताना १५ ते २५ अंशांपर्यंतचा कल चालतो. त्याहून जास्त कललेली असेल आणि अलार्म वाजला तर आधी इंजिन बंद करा, मग शिडं ढिली करा.

ऑइल काय सांगतं

डिझेलमध्ये नवं ऑइल काही तासांतच काळं होतं. तो दोष नाही, काजळी धरून ठेवण्याचं काम ते करतंय. रंग दुधाळ कॉफीसारखा झाला तर पाणी आहे. शंका असेल तर एक थेंब १३०-१५० अंशांच्या तापलेल्या पत्र्यावर टाका, डोळ्यांना चष्मा लावून. तडतडला तर पाणी.

पाणी येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं सील गळत असेल आणि पंप व इंजिन यांच्यामधलं निचऱ्याचं छोटं भोक मिठाने किंवा रंगाने बुजलं असेल, तर पाणी थेट संपमध्ये जातं. इंजिन चालू होत नसताना स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवला तर मफलर भरून पाणी सिलिंडरमध्ये उलटं येतं. अँटिसायफन व्हॉल्व्ह (पाणी सायफनने आत ओढलं जाऊ न देणारा) चिकटला तरी तेच. शेवटची शक्यता हेड गॅस्केटची. कारण दुरुस्त झाल्यावर त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल भरून पाच-दहा मिनिटं चालवा, काढा, पुन्हा भरा. ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हे तीन-चार वेळा करावं लागतं. हे त्याच दिवशी करा, कारण खारं पाणी बेअरिंगला फार सवड देत नाही.

पातळी आपोआप वाढली आणि वास डिझेलचा आला तर फीड पंपाचा डायफ्राम फाटलाय किंवा इंजेक्शन पंपाचं सील गेलंय. तसं इंजिन चालवू नका.

केव्हा बदलायचं

तासांची मुदत मॉडेलप्रमाणे १०० ते २५० असते, नव्या इंजिनांत त्याहूनही जास्त. शिडाच्या बोटीत ती मुदत येण्याआधी वर्ष संपतं. बोट हंगामानंतर उभी करणार असाल तर ऑइल उभी करण्याआधी बदला. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला बदलू म्हणून ठेवलं तर आम्ल धरलेलं जुनं ऑइल ऐन पडून राहण्याच्या महिन्यांत आत राहतं. नवं भरल्यावर दहा मिनिटं चालवा म्हणजे ते सगळीकडे पोचेल. नंतर मधूनमधून 'जरा पाच मिनिटं' इंजिन चालू करून बघू नका. त्याने आत फक्त नवी ओल जमते.

गिअरबॉक्सचा हिशेब वेगळा. यानमारच्या केएम२पी ला एसएई ३० इंजिन ऑइल लागतं, झेडएफच्या मेकॅनिकल गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचं ऑइल), सेलड्राइव्हमध्ये (बोटीच्या तळातून खाली उतरणाऱ्या गिअर-पायात) मॉडेलप्रमाणे गिअर ऑइल, इंजिन ऑइल किंवा एटीएफ. कोन (शंकूच्या आकाराचा) क्लच असलेल्या गिअरबॉक्समध्ये मॉलिब्डेनम किंवा घर्षण कमी करणारं अॅडिटिव्ह असलेलं ऑइल गेलं तर क्लच घसरतो. म्हणून दोन्हींचे डबे वेगळे ठेवा आणि झाकणावर मार्करने लिहून टाका.

काढलेलं ऑइल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून बंदरावरच्या जळक्या ऑइलच्या टाकीत द्या. त्यात कूलंट, डिझेल किंवा पाणी मिसळू नका, मिसळलेलं ऑइल बरेच ठिकाणी घेत नाहीत. बिल्जमध्ये सांडलेलं ऑइल शोषक कापडाने टिपून मगच बिल्ज पंपाचं ऑटोमॅटिक स्विच पुन्हा चालू करा.